रंगाऱ्याच्या हातचं गिटार

दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर काम करताना कधी नीट बघितलाय? आधी पत्र्यावर अस्तराचा एक हात मारतो. मग खडूच्या पुडीत घोळलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरतो, मधोमध उचलतो आणि टक्कन सोडतो. सरळ रेघ तयार. नंबर एकसारखे यायला हवे असले की आकडे कापलेला पत्रा ठेवतो आणि त्यावरून ब्रश फिरवतो. फ्लेक्स आल्यापासून या लोकांचं काम कमी झालंय, पण ढाणकी म्हणा, उमरखेड म्हणा, असे हात अजून सापडतात. आपण त्यांना 'पेंटर' म्हणतो. 'चित्रकार' म्हणायची वेळ आली की मात्र जीभ अडखळते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये अशाच एका पेंटरच्या पोराने घरच्या धंद्यातली हत्यारं उचलली आणि त्यांच्या जोरावर चित्रकलेचा चारेकशे वर्षं चालत आलेला एक नियम मोडला. त्याचं नाव जॉर्ज ब्राक. क्युबिझम म्हटलं की आपल्याला पिकासो आठवतो. एमपीएससीच्या गाईडमध्येही तोच असतो. पण क्युबिझम हे दोघांनी मिळून केलेलं काम होतं. त्यातली बाजा, गिटार, व्हायोलिन आणि ती वाजवणारी माणसं समजून घ्यायची असतील, तर आधी ब्राकचं आयुष्य समजून घ्यावं लागतं.

घरचा धंदा

ब्राकचा जन्म १३ मे १८८२ चा, पॅरिसजवळच्या आर्जंतय गावातला. तो आठ वर्षांचा असताना घरच्यांनी बिऱ्हाड हलवलं ते समुद्रकाठच्या ल आव्र या बंदराच्या शहरात. आजोबा घरं रंगवणारे, वडीलही घरं रंगवणारे. वडिलांना चित्रांचा नाद होता. सुटीच्या दिवशी ते कॅनव्हास घेऊन बसत. पोरगा दोन्ही बघत मोठा झाला.

शाळेत त्याचं मन लागलं नाही. संध्याकाळी तो आर्ट स्कूलच्या वर्गात जाऊन बसे. १७ व्या वर्षी शाळा सोडली आणि सजावटीचं काम करणाऱ्या एका रंगाऱ्याकडे शिकाऊ म्हणून लागला. पुढे तेच शिकायला पॅरिसला गेला आणि त्या कामाचं रीतसर सर्टिफिकेट मिळवलं.

आता हे काम म्हणजे फक्त भिंतीला चुना मारणं नव्हे. त्या काळी फ्रान्समधल्या मध्यमवर्गीय घरांत स्वस्त लाकडाचा दरवाजा महागड्या ओकसारखा दिसावा, साधी भिंत संगमरवरासारखी दिसावी, अशी हौस असायची. रंगारी ओल्या रंगावरून लोखंडी फणी फिरवायचे आणि लाकडाच्या रेषा उमटवायचे. पिसाने, स्पंजने संगमरवराच्या नसा काढायचे. पत्र्याच्या साच्याने दुकानांवर अक्षरं उतरवायचे. म्हणजे डोळ्याला फसवायची कला ब्राक पगारावर शिकला. पुढे नामवंत चित्रकार झाल्यावरही ही फणी त्याने टाकून दिली नाही.

दुसरी शिदोरी होती संगीताची. ल आव्रमध्ये त्याने बासरीचे धडे घेतले. अकॉर्डियनही तो वाजवायचा. पुढे पॅरिसच्या त्याच्या स्टुडिओत भिंतीवर वाद्यं टांगलेली असत. त्यामुळे व्हायोलिन किंवा मँडोलिन काढताना तो नुसती दिसायला छान वस्तू काढत नव्हता. तार कुठे दाबायची, लाकूड कुठे गुंजतं, हे त्याच्या बोटांना माहीत होतं.

चालती गाडी सोडली

१९०२ पासून तो पॅरिसला पूर्ण वेळ चित्रकला शिकू लागला. १९०५ मध्ये तिथल्या एका प्रदर्शनात मातिस आणि त्याच्या साथीदारांनी भडक रंगांची चित्रं लावली. झाड लाल, चेहरा हिरवा. टीकाकारांनी त्यांना चक्क रानटी जनावरांची उपमा दिली. ब्राकला हे रंग आवडले. तोही तसंच रंगवू लागला. १९०७ मध्ये त्याची अशी चित्रं प्रदर्शनात विकली गेली. पंचविशीतल्या रंगाऱ्याच्या पोराला आणखी काय हवं? त्याच रस्त्याने चालत राहिला असता तर आयुष्य आरामात गेलं असतं.

पण त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. आदल्या वर्षी वारलेल्या सेझान या चित्रकाराचं मोठं प्रदर्शन पॅरिसला भरलं. सेझानची टेबलं थोडी कलती असत, त्यावरची फळं जणू दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून बघून काढल्यासारखी. आणि त्याच सुमारास कवी अपोलिनेर ब्राकला एका स्पॅनिश चित्रकाराच्या खोलीवर घेऊन गेला. तिथे पाच बायकांचं एक प्रचंड, ओबडधोबड, टोकदार चित्र उभं होतं. तो चित्रकार पिकासो, आणि ते चित्र पुढे जगभर गाजलेलं 'आविन्याँच्या तरुणी'. ब्राक हादरला. त्याने भडक रंग बाजूला ठेवले आणि मुळापासून पुन्हा सुरुवात केली.

१९०८ च्या उन्हाळ्यात तो दक्षिण फ्रान्सच्या लेस्ताक गावात जाऊन राहिला. तिथली घरं त्याने नुसत्या पेट्या रचल्यासारखी रंगवली. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, एकावर एक चढलेले मातकट ठोकळे. पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनाने ही चित्रं नाकारली. मग नोव्हेंबरमध्ये कानवायलर नावाच्या तरुण जर्मन विक्रेत्याने आपल्या छोट्याशा गॅलरीत ती लावली. व्होसेल नावाच्या टीकाकाराने लिहिलं की हा माणूस सगळ्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब करून टाकतो. थट्टेत पडलेलं ते नाव कायमचं चिकटलं.

एलिमेंटरीची परीक्षा आणि तबला

हा नियम होता तरी काय, जो या लोकांनी मोडला?

शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली असेल तर आठवा. समोर टेबलावर तांब्या, पेला, एखादं फळ. आपल्याला एक जागा ठरवून दिलेली. त्या जागेवरून जे दिसतं तेवढंच काढायचं. शेजारच्या पोराला तांब्याची दुसरी बाजू दिसते, पण ती आपल्या कागदावर येता कामा नये. युरोपातली चित्रकला काही शतकं याच नियमाने चालली होती. एक माणूस, एक जागा, एक क्षण.

आता समोर तांब्याऐवजी तबला ठेवा. मान खाली घालून जमिनीच्या लेव्हलने बघा. बाजूच्या ताणलेल्या वाद्या दिसतील, त्यात खोचलेले लाकडी गठ्ठे दिसतील. वरची शाई अजिबात दिसणार नाही. उभं राहून वरून बघा. आता चाट, मैदान आणि मधली काळी शाई अशी गोलात गोल दिसेल, पण गठ्ठे गायब. मोबाईलने फोटो काढला तर यातला एकच तबला हाती लागतो. पण भजनात वर्षानुवर्षं साथ करणाऱ्या माणसाला विचारा. त्याच्या मनातल्या तबल्याला शाई पण आहे, गठ्ठे पण आहेत, हातोडी मारल्यावर चढणारा सूर पण आहे. हे सगळं त्याला एकाच वेळी माहीत असतं.

मग हा माहीत असलेला तबला कागदावर कसा आणायचा? वरचा गोल घ्या, बाजूचे गठ्ठे घ्या, वाद्यांच्या रेषा घ्या आणि एकमेकांत गुंफा. चित्र तबल्याच्या फोटोसारखं दिसणार नाही, पण तबल्याबद्दल फोटोपेक्षा जास्त सांगेल. ब्राक आणि पिकासोने गिटार, व्हायोलिन आणि माणसांचं हेच केलं.

आणि वाद्यच का? एक तर दोघांच्या आसपास वाद्यं होती. दुसरं, गिटारची आकृती इतकी ओळखीची की तिचे तुकडे केले तरी डोळा ते जुळवतो. एक वाकडी कड, एक गोल भोक, चार-सहा समांतर रेषा, बस्स, झालं गिटार. तिसरं कारण आपण ऐकणारे म्हणून समजू शकतो. आवाजाला समोरची बाजू आणि मागची बाजू नसते. देवळात भजन चालू असताना तुम्ही खांबाआड बसलात तरी अभंग अर्धा ऐकू येत नाही.

गिटारवाला कुठंय?

१९०९ पासून ब्राक आणि पिकासो यांची अशी जोडी जमली की चित्रकलेच्या इतिहासात तशी दुसरी सापडणं कठीण. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात दोघं रोज एकमेकांच्या स्टुडिओत जायचे. आज काय केलंस, दाखव. दुसऱ्याने मान हलवली की चित्र झालं. कित्येकदा ते चित्रावर समोरून सहीसुद्धा करत नसत. आजही त्या दोन-तीन वर्षांतली चित्रं शेजारी ठेवली तर कुठलं कोणाचं हे ओळखताना जाणकारांची परीक्षा होते.

याच काळातलं ब्राकचं गाजलेलं चित्र 'पोर्तुगीज'. १९११-१२ मध्ये काढलेलं. सुमारे चार फूट उंच, आज स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या कला संग्रहालयात आहे. नेटवर सहज सापडतं. पहिल्यांदा बघितलं तर फुटक्या काचेतून दिसणारा तपकिरी धूर वाटतो. 'काय कळत नाही बुवा' म्हणून आपण स्क्रोल करतो. पण थांबा. त्यात गिटार वाजवणारा एक माणूस बसलाय. त्याला शोधू या.

आधी खालच्या अर्ध्या भागात मधोमध बघा. एक गोल सापडेल आणि त्यावरून जाणाऱ्या समांतर रेषा. ते गिटारचं भोक आणि तारा. तिथून वर चढा. खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला एक त्रिकोण जाणवेल. ते त्याचं धड, खांदे आणि वर किंचित कललेलं डोकं. आता उजवीकडे वरच्या कोपऱ्यात जा. तिथे जाड दोर आणि नाव बांधायचा खुंट यांच्या खुणा आहेत. म्हणजे हा माणूस बंदराजवळ कुठेतरी आहे. ब्राकचं लहानपण बंदरातच गेलेलं, हे विसरू नका.

आणि मग त्या धुरातून अचानक ठळक अक्षरं समोर येतात. रोमन लिपीत 'बाल', म्हणजे फ्रेंचमध्ये नाच. त्याच्या खाली आकडा, १०,४०. नाचाच्या कार्यक्रमाचं पोस्टर कुठेतरी भिंतीवर असावं, तसं. ही अक्षरं हाताने काढलेली नाहीत. पत्र्याचा साचा ठेवून वरून ब्रश फिरवलेला आहे. रंगाऱ्याच्या दुकानातली युक्ती थेट कॅनव्हासवर आली. ती केवळ गंमत नव्हती. बाकीचं चित्र डोळ्याला आत-बाहेर हलवत राहतं, पण छापील अक्षर आत जाऊच शकत नाही. ते पाटीसारखं पृष्ठभागावर बसतं आणि आठवण करून देतं की बाबा, हा कॅनव्हास सपाट आहे, खिडकी नाही.

रंग इतके कमी का, असाही प्रश्न पडतो. लाल, निळा असता तर डोळा आधी तिकडे पळाला असता. मातकट, राखाडी, तपकिरी ठेवल्यामुळे आकार एकमेकांत मिसळतात. माणूस कुठे संपतो आणि गिटार कुठे सुरू होतं, ते ठरवता येत नाही. आणि मन लावून वाजवणाऱ्या माणसाकडे बघितलं तर खरोखर ते ठरवता येतं का?

ब्राकला अशी डोळ्याची फिरकी घ्यायला आवडायचं. १९०९ च्या 'व्हायोलिन आणि पॅलेट' या चित्रात सगळं मोडलेलं, तुटलेलं आहे. पण वरच्या बाजूला एक खिळा मात्र सावलीसकट इतका हुबेहूब काढलाय की हात लावून बघावासा वाटतो. मला तुमच्यासारखं खरंखुरंही काढता येतं, फक्त मी ते निवडलेलं नाही, असं तो खिळा सांगतो.

वॉलपेपरचा तुकडा

१९१२ च्या उन्हाळ्यात ब्राक दक्षिणेतल्या सॉर्ग गावात राहत होता. जवळच्या आविन्याँ शहरात एका दुकानात त्याला ओक लाकडाचा छाप असलेला वॉलपेपर दिसला. जे काम तो फणीने करायला शिकला होता, ते आता मशीन करत होतं. फ्लेक्ससमोर आपला पाटी रंगवणारा उभा राहतो, तसाच हा क्षण. दुसऱ्या कोणी हळहळून तोंड फिरवलं असतं. ब्राकने थोडी वाट बघितली. पिकासो पॅरिसला निघून गेल्यावर तो दुकानात गेला आणि कागद घेऊन आला. तीन पट्ट्या कापल्या, कोऱ्या कागदावर चिकटवल्या आणि कोळशाने त्यांच्याभोवती फळांचं भांडं आणि ग्लास काढला.

आज हे किरकोळ वाटेल. आपल्याकडे पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड चिकटवतात, त्यात काय मोठंसं? पण युरोपातल्या थोर चित्रकलेत दुकानातून आणलेला छापील कागद चित्राचा भाग होणं ही नवीन गोष्ट होती. मग दोघांनी वर्तमानपत्रं, तंबाखूची पाकिटं, स्वरलिपीचे कागद चिकटवायला सुरुवात केली. आज कॉलेजच्या फेस्टिव्हलला तुम्ही कोलाजच्या स्पर्धेत भाग घेता, त्याची एक मुळी त्या वॉलपेपरच्या दुकानापर्यंत पोचते.

ब्राकने आपली फणीही पिकासोला शिकवली. पिकासोने ती लाकूड काढायला न वापरता 'कवी' नावाच्या चित्रात चक्क माणसाचे केस आणि मिशा काढायला वापरली. ब्राक रंगात वाळू मिसळायचा, म्हणजे चित्राला खरखरीतपणा येतो. हे सगळं भिंती रंगवणाऱ्या माणसाचं डोकं होतं. आर्ट स्कूलमध्ये यातलं काहीच शिकवत नव्हते.

मे १९१५

२ ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध पेटलेलं. ब्राकला सैन्यात बोलावणं आलं. आविन्याँच्या स्टेशनवर त्याला निरोप द्यायला पिकासो आला होता. स्पेनचा नागरिक असल्यामुळे त्याला युद्धावर जावं लागणार नव्हतं. गाडी हलली आणि ती जोडी तिथेच फुटली. पुढे दोघं भेटले, बोलले, एकमेकांची चित्रं बघत राहिले. पण ते रोजचे दिवस परत आले नाहीत.

मे १९१५ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या कारांसीजवळच्या लढाईत ब्राकच्या डोक्याला जबर जखम झाली. मेला समजून तो रणांगणावरच राहिला. दुसऱ्या दिवशी जखमींना उचलणाऱ्या लोकांना तो जिवंत सापडला. डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून ऑपरेशन केलं. तो बेशुद्ध होता, आणि शुद्धीवर आल्यावर काही काळ त्याला दिसत नव्हतं.

चित्रकाराला दिसत नाही, यापुढे काय बोलणार? वय ३३. ज्या शैलीला त्याने जन्म दिला ती आता पॅरिसमध्ये दुसरे लोक पुढे नेत होते. दृष्टी परत आली, पण उभं राहायला महिने लागले. कानवायलर जर्मन असल्यामुळे फ्रान्स सरकारने त्याच्याकडची चित्रं शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केली होती. त्यात ब्राकचीही कितीतरी होती. जानेवारी १९१७ मध्ये मित्रांनी पॅरिसला त्याच्या सन्मानार्थ जेवण ठेवलं. शौर्यपदकं मिळाली होती. प्रश्न एवढाच होता की हात चालेल का?

सव्वासात फुटांची बाई

१९१७ मध्ये तो पुन्हा रंगवू लागला. आणि सुरुवातीच्याच कामांत त्याने घेतला तो जवळजवळ सव्वासात फूट उंचीचा कॅनव्हास. घराच्या दरवाजापेक्षा थोडा मोठाच. विषय? वाद्य घेतलेली एक स्त्री. 'वादक स्त्री' हे चित्र १९१८ मध्ये पुरं झालं, आणि तेही आज बाझलच्याच संग्रहालयात आहे.

'पोर्तुगीज' आणि ही 'वादक स्त्री' फोनवर एकापाठोपाठ बघा. सहा-सात वर्षांत काय बदललं ते लगेच कळेल. आधीचा माणूस बारीक तुकड्यांत विरघळलेला होता. ही बाई मोठमोठ्या सपाट पट्ट्यांनी बनली आहे, एकावर एक उभे कागद ठेवावेत तशी. काही पट्ट्यांवर ठिपकेच ठिपके. मधल्या भागात वाद्याची आकृती हाताशी लागते, आणि तिथून वर बघत गेलं की ताठ उभी आकृती लक्षात येते. जवळून बघितलं तर यात एकही कागद चिकटवलेला नाही. कोलाजचा भास सगळा ब्रशने केलेला. आधी मशीनने रंगाऱ्याची नक्कल केली, मग रंगाऱ्याने कागद कापून चिकटवला, आणि आता रंगारी ब्रशने त्या कागदाची नक्कल करतोय. असा हा चक्राकार खेळ.

आणखी एक गोष्ट मनात ठेवून बघा. दोन वर्षांपूर्वी या माणसाची कवटी उघडली होती. तो तुकड्यांची भाषा बोलणारा चित्रकार होता, आणि युद्धाने त्याला खऱ्या अर्थाने तुकड्यांत टाकलं होतं. युद्धावरून परतल्यावर त्याने तोफा काढल्या नाहीत, खंदक काढले नाहीत. त्याने पट्टीवर पट्टी ठेवत एक माणूस उभा केला आणि त्याच्या हातात वाद्य दिलं. तीन वर्षांनी, १९२१ मध्ये, पिकासोनेही 'तीन वादक' हे मोठं चित्र काढलं. ते जास्त प्रसिद्ध आहे, जास्त रंगीत आहे. पण ब्राकच्या बाईत जी शांतता आहे ती त्यात शोधून सापडत नाही.

बेंद्रे यांचा 'काटा'

हे सगळं फ्रान्सचं झालं, आपला काय संबंध? संबंध आहे. इंदूरच्या मराठी घरात १९१० मध्ये जन्मलेले ना. श्री. बेंद्रे यांनी मुंबईची कला पदविका घेतली, अमेरिका-युरोप बघितला आणि १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवायला लागले. क्युबिझम त्यांनी समजून घेतला, पण विषय आपला निवडला. १९५५ च्या 'काटा' या चित्राचा विषय आहे पायात रुतलेला काटा काढणं. शेतातून आलेल्या कुठल्याही घरात रोज घडणारी गोष्ट. त्या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईचे जहांगीर सबावाला पॅरिसला जाऊन आंद्रे लोत या क्युबिस्ट चित्रकाराच्या हाताखाली शिकले. आणि पंढरपूरला जन्मलेले हुसेन? त्यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलं. पाट्या रंगवणं आणि चित्रकार होणं यांच्यामध्ये भिंत नाही, हे आपल्या मातीतही सिद्ध झालंय.

लूव्रच्या दारात

ब्राक पुढे ४५ वर्षं रंगवत राहिला. घाई त्याच्या स्वभावात नव्हती. एका वेळी अनेक कॅनव्हास उभे करून ठेवायचा आणि एकेका चित्राला कधी वर्षं द्यायचा. वाद्यं आणि वादक पुन्हा पुन्हा येत राहिले. १९३७ मध्ये त्याने मँडोलिनवाली बाई काढली, पियानोजवळच्या दोघी काढल्या. १९४८ मध्ये व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. १९५३ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या एका दालनाच्या छतावर त्याने निळ्यात उडणारे मोठे पक्षी रंगवले. आजोबा-वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या घरांची छतं रंगवली, नातवाने लूव्रचं. १९६१ मध्ये त्याच लूव्रने त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. हयात चित्रकाराला तिथे असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

३१ ऑगस्ट १९६३ ला पॅरिसमध्ये तो गेला. फ्रान्स सरकारने लूव्रसमोर सरकारी इतमामात त्याला निरोप दिला. सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी भाषण केलं. मग त्याला वारांजव्हील या समुद्रकाठच्या गावी नेऊन पुरलं. तिथे त्याचं घर होतं, आणि तिथल्या छोट्या चर्चच्या खिडक्यांसाठी रंगीत काचांचं काम त्याने केलं होतं.

बाझलला जाणं आपल्यापैकी बहुतेकांना आत्ता तरी जमणार नाही. हरकत नाही. आज रात्री हेडफोन लावा, आवडीचं एखादं वाद्यसंगीत चालू करा आणि 'पोर्तुगीज' स्क्रीनवर मोठं करून ठेवा. चित्राला तेवढाच वेळ द्या जेवढा त्या तुकड्याला देताय. आधी गिटारचं भोक शोधा. मग तारा. मग त्या वाजवणारा हात. तो हात काही लगेच सापडत नाही.